फळझाड, युद्ध आणि परतीचा हक्क

युद्धात शत्रूचे उभे पीक जाळणे आणि त्याची फळझाडे तोडणे या दोन कृतींत नैतिक फरक आहे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. कारण जिथे माणसेच मारली जात आहेत तिथे झाडांचा हिशेब कोणी कशाला ठेवावा, असे कोणीही सहज म्हणेल. तरीही निरनिराळ्या धर्मपरंपरांनी आणि राजनीतीच्या ग्रंथांनी या फरकासाठी मुद्दाम जागा राखून ठेवली आहे, मात्र त्यासाठी त्यांनी दिलेली कारणे एकमेकांशी जुळत नाहीत. ती कारणे कितपत टिकतात हे पारखण्यासाठी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील कॅन्यन डी शे या दरीतल्या पीचच्या बागांचा इतिहास विशेष उपयोगी पडतो. कारण १८६४ साली तिथे जे घडले त्यापुढे झाड तोडण्याची नेहमीची समर्थने लंगडी पडतात आणि झाड न तोडण्याची नेहमीची कारणेही अपुरी ठरतात.

कॅन्यन डी शे हा ॲरिझोनाच्या ईशान्य भागात, चिनले या गावाजवळ सुरू होणारा अनेक शाखांचा दरीप्रदेश आहे. लाल वालुकाश्माचे त्याचे कडे काही ठिकाणी ३०० मीटरांपर्यंत उंच गेले आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी वाळूमिश्रित गाळाची अरुंद जमीन पसरलेली आहे. ओढ्याला वर्षभर पाणी नसते, परंतु कड्यांवरून उतरणारे पाणी तळाच्या गाळात मुरते आणि पृष्ठभाग कोरडा असतानाही खाली ओल टिकून राहते. बाहेरच्या जगाला नवाहो या नावाने परिचित असलेले, पण स्वतःला दिने म्हणवणारे लोक या तळजमिनीवर मका, भोपळा आणि घेवडा पिकवत आले आहेत. पीच मात्र या मूळ पिकांपैकी नव्हे. त्याची लागवड प्रथम चीनमध्ये झाली, तेथून ते इराणमार्गे रोमन जगात पोहोचले, आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते अटलांटिक महासागरापलीकडे नेले. त्यानंतर या फळाने स्वतःच्या बळावर असा वेग घेतला की, अमेरिकेच्या अंतर्भागात गोरे वसाहतवाले पोहोचण्याआधीच त्यांचे पीच तिथल्या आदिवासी गावांत रुजलेले होते.

नैर्ऋत्येकडील कोरड्या मुलखात पीच आले ते सतराव्या शतकातील स्पॅनिश मिशनांबरोबर, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या वसतिस्थानांबरोबर. १६८० मध्ये प्वेब्लो गावांनी एकत्र उठाव करून स्पॅनिश सत्तेला या प्रदेशातून काही वर्षे हुसकून लावले, पण तिच्यासोबत आलेली मेंढरे आणि पीचची झाडे ठेवून घेतली. स्वीकार आणि नकार यांतली ही निवड लक्षात घेण्याजोगी आहे. देणाऱ्याचा देव नाकारूनही त्याने आणलेले झाड आपले मानता येते, हे त्या समाजांना कोणत्याही तत्त्वज्ञाच्या मदतीवाचून समजले होते. होपी आणि इतर प्वेब्लो शेजाऱ्यांकडून हे झाड दिने लोकांकडे आले आणि अठराव्या शतकात कॅन्यन डी शेच्या तळाशी त्याच्या बागा उभ्या राहिल्या.

या झाडाचा स्वभाव पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पीच बहुधा स्वपरागित असते, म्हणजे एकाच झाडावरील परागाने त्याच झाडाला फळ धरते; त्यामुळे कोयीपासून उगवलेले रोप पुष्कळ अंशी मूळ झाडासारखेच निघते आणि सफरचंदासारखी कलमे बांधण्याची गरज उरत नाही. दरीतले लोक कोयी थेट जमिनीत लावत, झाडांमध्ये भरपूर अंतर ठेवत आणि छाटणीच्या फंदात फारसे पडत नसत. कोयीपासून वाढलेले झाड तीन-चार वर्षांत फळावर येते, पण त्याचे आयुष्य आंब्याच्या वा फणसाच्या तुलनेने थोडे असते, काही दशकांचेच. चिनी परंपरेने याच अल्पायुषी झाडाच्या फळाला अमरत्वाचे प्रतीक मानावे, हा एक विरोधाभासच म्हणायचा. उन्हाळ्याच्या अखेरीस फळे उतरवली जात, दोन भाग करून कोय काढली जाई, आणि त्या फोडी खडकांवर पसरून उन्हात वाळवल्या जात. हा वाळवलेला पीच हिवाळ्याची बेगमी तर होताच, पण ज्या दिने कुटुंबांकडे बागा नव्हत्या त्यांच्याशी होणाऱ्या देवघेवीतही तो चाले. त्यामुळे हंगामात बागेच्या मालकांकडे दूरदूरचे नातलग येत आणि आप्तसंबंधांची उजळणी होई. दिने विचारात परस्पर नात्याने बांधलेपणाच्या या तत्त्वाला ‘के’ म्हणतात, आणि ते माणसांपुरते न थांबता जमीन, प्राणी व वनस्पती यांनाही कवेत घेते.

अमेरिकी लष्कराला या बागांची माहिती नव्हती असे म्हणण्यास जागा नाही. १८४६ मध्ये न्यू मेक्सिकोचा प्रदेश अमेरिकेच्या ताब्यात आला, आणि १८४९ साली दरीत शिरलेल्या लष्करी मोहिमेसोबतचा अभियंता लेफ्टनंट जेम्स सिम्पसन याने आपल्या प्रकाशित रोजनिशीत तिथल्या पीचच्या झाडांची नोंद केली. पुढे १८६२ मध्ये या लष्करी विभागाची सूत्रे जनरल जेम्स कार्लटन याच्याकडे आली. मेंढरांची लूट, गुलामगिरीसाठी होणारी माणसांची पळवापळव आणि त्यांचे सूड यांनी त्या मुलखात दोन्ही बाजूंनी रक्तपात चालू होता, हे खरेच. त्यावर कार्लटनने काढलेला तोडगा असा की, सबंध दिने समाजाला त्याच्या भूमीतून उचलून पूर्वेला पेकोस नदीकाठच्या बॉस्के रेडोंडो येथे नेऊन बसवायचे आणि तिथे त्यांना शेती, वाचन-लेखन व ख्रिस्ती धर्म शिकवायचा. १८६३ च्या उन्हाळ्यापासून किट कार्सनच्या हाताखालील सैन्याने मक्याची शेते उद्ध्वस्त केली, जनावरे पकडली वा मारली, आणि जानेवारी १८६४ मध्ये सैनिकांच्या तुकड्या बर्फातून या दरीत शिरल्या. उपाशी आणि थंडीने गारठलेली कुटुंबे शरण येऊ लागली व त्यांना सुमारे पाचशे किलोमीटर पायी चालवत नेण्यात आले. आठ हजारांहून अधिक माणसे त्या छावणीत कोंडली गेली. तिथले पाणी खारट होते, मक्याला कीड लागली, जळणाला लाकूड उरले नाही, आणि भूक व रोगराईने मोठ्या संख्येने माणसे दगावली.

पीचच्या झाडांची मोठी तोड या सर्व घटनाक्रमात नेमकी कधी झाली, हा या निबंधाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे. लोकस्मृतीत ती कार्सनच्या नावावर आणि हिवाळ्यातल्या मोहिमेवर जमा झालेली आहे. परंतु जिची लष्करी अहवालात तपशीलवार नोंद आहे ती तोड कॅप्टन जॉन थॉम्पसन याच्या तुकडीने १८६४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, झाडे फळांनी लगडलेली असताना केली, आणि तिच्यात चार हजारांहून अधिक झाडे पडली. तोपर्यंत हजारो दिने आधीच पेकोसच्या काठी पोहोचलेले होते. दरीत उरली होती ती मागे लपून राहिलेली थोडी कुटुंबे. ज्यांना शेती शिकवण्यासाठी त्यांच्या घरातून उठवण्यात आले होते त्यांची शंभर वर्षे जोपासलेली शेतीच त्यांच्या पाठीमागे तोडली जात होती, ही विसंगती कार्लटनच्या पत्रव्यवहारात कुठे बोचताना दिसत नाही.

या सैन्याच्या देशात जो धर्मग्रंथ सर्वमान्य होता त्यात या कृतीविषयी स्पष्ट विधान आहे. बायबलच्या जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात, नगराला दीर्घकाळ वेढा पडला तरी तेथील फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये, फळ न देणारी झाडे मात्र वेढ्याच्या कामासाठी तोडता येतील, असा नियम घातला आहे. यहुदी परंपरेने या नियमातून ‘बाल तश्खीत’, म्हणजे नासधूस न करण्याचे व्यापक व्रत घडवले. बाराव्या शतकातील मायमोनिडीस या धर्मशास्त्रज्ञाने ते भांडी, वस्त्रे, इमारती आणि अन्न यांनाही लागू केले, आणि त्याच वेळी झाड इतर झाडांना बाधक ठरत असेल किंवा त्याच्या लाकडाचे मोल फळापेक्षा अधिक असेल तर ते तोडण्यास मुभाही दिली. नियमामागचे कारण सांगताना मात्र भाष्यकारांच्या वाटा वेगळ्या होतात. अकराव्या शतकातील राशी याच्या मते झाड हा लढणारा पक्ष नाही, म्हणून त्याला वेढ्याची शिक्षा देणे गैर. तर बाराव्या शतकातील इब्न एझ्रा म्हणतो की, माणसाचे जीवितच झाडावर अवलंबून असते, म्हणून झाड तोडणे म्हणजे जीवितावर घाव घालणे. पहिल्याने झाडाचे निरपराधित्व पुढे केले, दुसऱ्याने माणसाचे पोट.

या नियमाला अपवाद नाहीत असे नाही. त्याच जुन्या करारात मवाब देशाविरुद्धच्या युद्धात तेथील प्रत्येक चांगले झाड पाडले जाईल असे अलीशा संदेष्टा सांगतो, आणि तसे घडतेही. इस्लामी परंपरेत पहिला खलिफा अबू बक्र याने सीरियाकडे निघालेल्या सैन्याला फळझाडे तोडू नयेत अशी ताकीद दिल्याची नोंद मुवत्ता या संग्रहात आहे, तर बनू नदीर टोळीच्या वेढ्यात खजुरीची झाडे तोडली गेली त्याचा निर्देश कुराणाच्या एकोणसाठाव्या सुऱ्यात येतो. भारतीय ग्रंथांच्या बाबतीतही अभिमानाने मान उंचवावी अशी स्थिती नाही. कौटिल्य नगरातील उपवनांची फळझाडे आणि छायावृक्ष तोडणाऱ्याला दंड सांगतो, पण मनुस्मृतीचा सातवा अध्याय शत्रूला वेढा घालणाऱ्या राजाला त्याच्या प्रदेशातले गवत, अन्न, पाणी आणि सरपण नासवण्यास खुशाल सांगतो. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या पाचव्या भागात एक मधली रेघ ओढली आहे. ग्रीकांनी ग्रीकांशी लढताना त्या वर्षाचे पीक न्यावे, परंतु भूमी उजाड करू नये आणि घरे जाळू नयेत, कारण हे लोक पुढे कधीतरी समेट करणारे आहेत. वार्षिक पीक आणि कायमची संपदा यांतला भेद इथे प्रथमच समेटाच्या शक्यतेशी जोडला गेला आहे. दुर्दैवाने प्लेटोने ही सवलत ग्रीकांपुरतीच ठेवली आणि परकीयांना तिच्याबाहेर काढले.

तिसरे कारण काळाचे आहे, आणि ते मराठी वाचकाला परिचित असणार. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात, आरमारासाठी लाकूड मिळवण्याचा विषय निघतो तेव्हा, आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये अशी सूचना येते. ही झाडे एका-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही, असा त्यामागचा आशय आहे. झाड जीर्ण झालेच असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन ते घ्यावे. इथे झाडाच्या निरपराधित्वाचा प्रश्न नाही, की केवळ पोटाचाही नाही. झाडात साठलेल्या श्रमांचा आणि वर्षांचा विचार आहे. अर्थात आज्ञापत्र आपल्याच रयतेच्या झाडांविषयी बोलते, शत्रूच्या नव्हे, आणि त्याचा नियम युद्धनियम म्हणून वापरताना ही मर्यादा विसरता येणार नाही.

आता ही तीन कारणे कॅन्यन डी शेला लावून पाहिली तर काय दिसते? निरपराधित्वाचे कारण खरे असले तरी फार सैल आहे. निरपराध तर गवतही असते, आणि मग फळझाडालाच वेगळे संरक्षण का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. पोटाचे कारण थॉम्पसनच्या कुऱ्हाडीपुढे जवळजवळ निकामी ठरते, कारण ज्यांचे पोट त्या झाडांवर अवलंबून होते त्यांतील बहुसंख्य लोक शेकडो किलोमीटर दूर सरकारी शिध्यावर जगत होते, आणि मागे राहिलेल्यांना उपाशी ठेवण्यासाठी त्यांचा मका तोडणेही पुरेसे होते. काळाचे कारण आंबा-फणसाला जितके लागू पडते तितके पीचला पडत नाही. तीन-चार वर्षांत पुन्हा फळावर येणाऱ्या झाडात साठलेला काळ तो कितीसा? हिशेबी मनाला ही तोड म्हणजे चार हंगामांचे नुकसान इतकेच वाटू शकते. आणि तरीही, दिने स्मृतीत मक्याच्या जळालेल्या शेतांहून अधिक खोल घाव या झाडांचा राहिला, तो केवळ भाबडेपणा होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

याचे उत्तर तोडीच्या वेळेत आहे. माणसे गेल्यानंतर त्यांची झाडे तोडणाऱ्याला त्यांच्या आजच्या जेवणाशी कर्तव्य नसते. त्याला त्यांचे परत येणे नको असते. पीक हे ज्या वर्षी पेरले त्या वर्षाचे असते आणि पेरणारा दुसरीकडे गेला तर तेही संपते, परंतु फळझाड मालकाच्या गैरहजेरीतही बहरत राहते आणि दर उन्हाळ्यात त्याच्या हक्काची साक्ष देत राहते. दरीतल्या पीचच्या बागा याच अर्थाने लष्कराच्या योजनेला अडथळा होत्या: त्या तिथे उभ्या असेपर्यंत दिने म्हणजे भटके लुटारू हे चित्र खोटे पडत होते, आणि बॉस्के रेडोंडो हे त्यांचे नवे घर आहे हा दावाही. फळझाडाचे वेगळेपण मग त्याच्या वयात किंवा निष्पापपणात शोधण्याऐवजी, ते एखाद्या समाजाचे एखाद्या जागेशी असलेले नाते त्या समाजाच्या अनुपस्थितीतही टिकवून धरते यात शोधावे लागते. प्लेटोने समेटाच्या शक्यतेचा जो धागा पकडला होता तो इथे अधिक ताणता येतो: ज्याच्याशी पुढे एकत्र नांदायचे आहे त्याची भूमी उजाड करू नये इतकेच नव्हे, तर ज्याला हुसकून लावले त्याचा परतीचा मार्गही कुऱ्हाडीने बंद करू नये.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. दिने विश्वदृष्टीनुसार चार पवित्र पर्वतांच्या मधली भूमी दिव्य लोकांनी त्यांना नेमून दिली आहे. मका, घेवडा, भोपळा आणि तंबाखू या चार वनस्पती त्या दृष्टीत पवित्र आहेत. पीच त्यात नाही आणि असणे शक्यही नव्हते. मग वसाहतवाद्यांकडून आलेल्या, जेमतेम शंभर वर्षांच्या झाडाला पवित्र भूमीच्या नात्याचा साक्षीदार कसे मानायचे? हा आक्षेप पावित्र्य हे उगमातूनच येते असे गृहीत धरतो. दिने विचारातील ‘होझो’ ही संकल्पना, म्हणजे सौंदर्य, सुसंवाद, आरोग्य आणि योग्य क्रम यांची एकवटलेली अवस्था, ही केवळ आरंभी मिळालेली देणगी नसून विधी, वर्तन आणि काळजी यांनी पुनःपुन्हा साधायची गोष्ट आहे. तिच्या चौकटीत बाहेरून आलेल्याला नात्यात घेण्यास आडकाठी नाही. मेंढी हीसुद्धा स्पॅनिश लोकांनीच आणली होती, आणि आज मेंढीवाचून दिने जीवनाची कल्पनाही करता येत नाही. उलट उगमाच्या शुद्धतेवर हक्क ठरवायचा झाला तर ॲरिझोनात कुऱ्हाड घेऊन उभ्या असलेल्या सैनिकाचा हक्क सर्वांत आधी निकालात निघाला असता.

दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे: हजारो माणसांच्या यातनांपुढे झाडांवर इतका विचार खर्च करणे ही सुखवस्तू संवेदनशीलता नव्हे काय? झाडांचे दुःख माणसांच्या दुःखाशी तोलले तर हा आक्षेप बरोबर आहे. पण इथे झाड तोलले जात नसून त्याच्या तोडीतून उघड होणारा हेतू तोलला जात आहे. ज्या महिन्यांत ही मोहीम आखली गेली त्याच सुमारास, एप्रिल १८६३ मध्ये, लिंकनच्या सरकारने लीबर संहिता म्हणून ओळखले जाणारे युद्धनियम जारी केले होते. शत्रूला, मग तो सशस्त्र असो वा निःशस्त्र, उपाशी ठेवून लवकर शरण आणणे त्यांनी कायदेशीर ठरवले, पण एखाद्या प्रदेशाची निष्कारण नासधूस लष्करी गरजेच्या व्याख्येबाहेर ठेवली. मका जाळणे या नियमांतल्या उपाशी ठेवण्याची मुभा देणाऱ्या कलमाखाली कसेबसे झाकता येते. जवळपास रिकाम्या झालेल्या दरीतले लगडलेले पीच तोडणे त्याखाली झाकता येत नाही, आणि म्हणूनच ते संपूर्ण मोहिमेच्या अंतरंगाची खूण ठरते.

परतीचा मार्ग अखेर बंद झाला नाही. मे १८६८ मध्ये जनरल विल्यम शर्मन बॉस्के रेडोंडो येथे आला तेव्हा कॅन्यन डी शेच्या परिसरातलाच एक नेता, बार्बोन्सितो, दिने लोकांच्या वतीने बोलला; आपल्या पूर्वजांनी नेमून दिलेल्या सीमांबाहेर राहिल्यामुळेच इथे सारे मरत आहे, असा त्याच्या युक्तिवादाचा गाभा होता. शर्मनने दुसरीकडे, म्हणजे हल्लीच्या ओक्लाहोमाकडे, जाण्याचा पर्याय पुढे केला तो त्याने नाकारला. चार वर्षांपूर्वी जॉर्जिया प्रांतातून शेतेवाड्या उद्ध्वस्त करत समुद्रापर्यंत गेलेला हाच शर्मन, आणि तोच जॉर्जिया पुढे पीचचे राज्य म्हणून मिरवू लागला, हा इतिहासाचा खट्याळपणा जाता जाता नोंदवायला हरकत नाही. १ जून १८६८ च्या करारात पंधरा हजार मेंढ्या-शेळ्या, पाचशे गुरे, दहा लक्ष पौंड मका, बियाणे आणि अवजारे यांची मोजदाद आहे. तोडलेल्या फळझाडांचा त्यात उल्लेख नाही.

लोक परतले तेव्हा काही बुंध्यांना धुमारे फुटलेले होते आणि इतर ठिकाणी कोयींपासून नव्याने लागवड झाली. धुमाऱ्यांपासून वाढलेले झाड जुनेच, असे मुळांकडे पाहून म्हणता येईल. कोयीपासून आलेले झाड स्वपरागणामुळे जुन्यासारखेच, पण तरीही दुसरे. तत्त्वज्ञानात ओळखीच्या सातत्याचा जो प्रश्न नौकेच्या बदलत्या फळ्यांवरून विचारला जातो तो या बागेत अधिक जिवंत रूपात उभा राहतो, कारण इथे सातत्य लाकडात नसून लावणाऱ्या हातांत आहे. विसाव्या शतकात शाळा, नोकऱ्या आणि दुष्काळ यांमुळे हे हात दरीतून बाहेर गेले आणि बागा पुन्हा विरळ झाल्या. १९३१ मध्ये दरी राष्ट्रीय स्मारक झाली तरी जमीन दिने राष्ट्राचीच राहिली. अलीकडे यूटा राज्य विद्यापीठाशी संबंधित संशोधन, ज्यात दिने संशोधकांचाच पुढाकार आहे, नैर्ऋत्येतल्या आदिवासी गावांत उरलेली जुनी पीचची झाडे आणि त्यांचे बियाणे गोळा करत आहे. कमी पाण्यावर तग धरण्याच्या त्यांच्या गुणाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष आहे, तर वडीलधाऱ्यांच्या आठवणीतल्या लागवडीच्या रीती जपण्याकडे समाजाचे.

आंतरराष्ट्रीय कायद्याने दरम्यान बरीच मजल मारली आहे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक संहितेचे चोपन्नावे कलम नागरिकांच्या जगण्याला अत्यावश्यक असलेल्या वस्तूंचा, म्हणजे अन्नधान्य, शेतजमीन, पिके, जनावरे आणि पाणी यांचा, नाश करण्यास मनाई करते, मग हेतू उपासमारीचा असो वा लोकांना तिथून हलवण्याचा. या कलमाचा पाया मात्र इब्न एझ्राने सांगितलेलाच आहे; संरक्षण त्याला आहे ज्याच्यावर आज कोणाचे तरी पोट चालते. ज्यांना आधीच हलवले गेले आहे आणि जे दूर कुठेतरी छावणीच्या शिध्यावर जगत आहेत त्यांच्या मागे उरलेल्या बागेला या युक्तिवादाचे छत्र कितपत पुरते, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. अमेरिकेने या संहितेवर सही केली आहे, पण तिला अद्याप मंजुरी दिलेली नाही.